औषधाची वेळ

सुहासकाका पुन्हा उठून गॅलरीत गेला आणि तसाच परत आला. खाली पार्किंगमध्ये बाबांची गाडी असायची ती जागा रिकामी होती, आणि दर वेळी तो तीच बघून येत होता, हे केतकीच्या ध्यानात आलं होतं. गाडी गुरुवारपासून पोलिस ठाण्याच्या आवारात होती. उद्या सोमवारी बाबांना कोर्टात उभं राहायचं होतं.

हॉलमध्ये कुणीच धड बसलेलं नव्हतं. बाबा खुर्चीच्या कडेवर टेकून वर्तमानपत्राची घडी घालत होते, उलगडत होते. आई कुणी न मागितलेला चहा आणत होती आणि कुणी न प्यायलेला परत नेत होती. काकाची निधी सोफ्याच्या हातावर बसून फोनवर अंगठा फिरवत होती, पण फोनचा पडदा काळाच होता. मांडी घालून निवांत बसला होता तो एकटा गुंडोमामा, आईचा मामेभाऊ. बेळगावहून येऊन इथल्या कोर्टात सारी हयात काढलेल्या वकिलाला दुसऱ्याच्या घरातली घालमेल नवी नसते.

मामाचं सगळं दोनदा सांगून झालं होतं. कलम एकशे पंच्याऐंशी. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. बाबांचा आकडा अठ्ठावन्न होता. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात लोक ओळीने उभे राहतात, मॅजिस्ट्रेट विचारतात, लोक गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि गाडी सोडवून घेऊन जातात. लायसन्स मात्र आरटीओकडे जातं आणि काही महिने निलंबित राहतं. नाही कबूल केलं तर खटला उभा राहतो, तारखा पडत जातात.

"आणि पुन्हा सापडलात," मामा म्हणाला, "तर दोन वर्षांपर्यंतची कैद. तिथे मग माझी ओळख उपयोगाची नाही, तुमचं वयही नाही."

"पुन्हा कशाला सापडेन?" बाबा म्हणाले. "पहिल्यांदा तरी कुठे प्यायलोय मी?"

हे वाक्य गुरुवारपासून घरात फिरत होतं. आणि गंमत अशी, की ते म्हणणाऱ्याचा त्यावर पुरता विश्वास होता.

मिरजेहून विमानाच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या भगवंतरावांनी, म्हणजे केतकीच्या आजोबांनी, आपल्या दोन्ही मुलांना, मिसरूड फुटायच्या सुमारास, देवासमोर बसवून तळहातावर पाणी घालून शपथ दिली होती, की दारूला शिवणार नाही. त्यांचा धाकटा भाऊ पिराजी दारूपायी गेला होता आणि त्याला खांदा द्यायला चौथा माणूस वाटेवरून बोलवावा लागला होता, ही हकिगत या घरात प्रत्येक मुलाला एकदा तरी ऐकवली जायची. बाबांनी आणि काकाने ती शपथ मोडली नव्हती. ऑफिसच्या पार्ट्यांत दोघेही लिंबूपाणी घेऊन उभे राहायचे, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

पण त्याच भगवंतरावांना विषमज्वरातून उठल्यावर मिरजेच्या वैद्यांनी द्राक्षासव दिलं होतं, आणि ते कसं करायचं तेही शिकवलं होतं. इकडची काळी, जाड सालीची द्राक्षं बाजारात आली की बरणी भरायची. द्राक्षं, गूळ, आंबवायला धायटीची फुलं, वर फडक्याचं दादरं. आधी आजीने भरली, तिच्या मागे आईने. सुरुवातीला दोन चमचे औषध आणि तेवढंच पाणी असायचं. चमच्याची वाटी झाली. बाबा निवृत्त झाल्यावर वाटीचा स्टीलचा पेला झाला, आणि पाणी कधी गळालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. संध्याकाळचे सात वाजले की बाबा म्हणायचे, औषधाची वेळ झाली. आणि आई पेला भरून आणायची.

गुरुवारी राजाजीनगरला काकाच्या घरी निधीचं लग्न ठरलं. पुण्याची मंडळी येऊन, सुपारी फोडून, खूश होऊन हॉटेलवर गेली. मग दोघे भाऊ स्वयंपाकघरात औषध घेत बसले. आनंदाचा दिवस होता, म्हणून एकाचे दोन पेले झाले. नंतर बाबा आईला घेऊन बनशंकरीकडे निघाले आणि वाटेत नाकाबंदीत अडले. तिथला शिपाई अगदी कोवळा होता. त्याने श्वास तपासायच्या यंत्रावरचा आकडा पाहिला, बाबांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये अदबीने म्हणाला, सर, मागे अम्मा बसल्या आहेत, त्यांचा तरी विचार करायचा. बाबांना कोर्टापेक्षा ते जास्त लागलं होतं.

"कबूल करायचा प्रश्नच येत नाही," आता काका म्हणत होता. "अण्णा, तू उद्या फक्त नाही म्हण. पुढचं मी बघतो. आपल्या मल्लेश्वरच्या वैद्यांशी बोललोय मी. पोटासाठी आसव चालू आहे, असं ते लिहून देतात. आणि केतकी आहे."

केतकी आहे, म्हणजे काय, हे तिला दुपारीच कळलं होतं. ती यशवंतपूरला एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात होती. तिने आसवाचा नमुना तपासून त्यात जेमतेम दोन-तीन टक्के मद्यार्क आहे, असं कंपनीच्या कागदावर लिहून द्यायचं होतं. तेवढ्याने माणूस निर्दोष सुटेल असं मामालाही वाटत नव्हतं, पण खटला रेंगाळेल एवढं नक्की होतं. काकाला तेवढंच हवं होतं. माघात लग्न होतं. मुलाकडचे कडक होते. सुपारी फोडतानाच मल्हारच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, वडिलांनी, आमच्यात कुणी घेत नाही हं, असं हसत हसत सांगून ठेवलं होतं. निधीच्या थोरल्या काकाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, ही बातमी त्यांच्या कानावर माघानंतर गेली तर चालणार होती.

"काका, मी तपासलंय ते," केतकी म्हणाली.

आई दारात थबकली. तिला हे ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी केतकीने तिला ओट्यापाशी गाठून सांगितलं होतं आणि आई म्हणाली होती, औषधात असतंच गं तेवढं. आणि भाजी ढवळत राहिली होती.

"मग झालं तर," काका म्हणाला.

"अकरा टक्के आहे. दुकानात जी वाइन मिळते तिच्यात तेवढंच असतं."

मग काका हसला आणि म्हणाला की पोरी, अकरा तर अकरा, तू तीन लिही, कोण मोजायला येतंय. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणजे बाप दारुडा आहे, असं म्हणायचंय तुला."

"मी तसं म्हटलं नाही, बाबा."

"तुझ्या आजोबांनी घेतलंय ते. तुझ्या आईने केलंय. तुला लहानपणी खोकला झाला की चमचाभर तुलाही दिलंय. आणि ते यंत्र? त्याचं झीरो कुणी पाहिलं होतं? किती जणांनी फुंकलं होतं त्यात माझ्याआधी? माझ्या तोंडाला औषधाचा वास होता, तो त्याने पकडला."

बाबांची सारी नोकरी विमानांचे दाबमापक तपासण्यात गेली होती. त्यांच्या सहीशिवाय एकही मापक हँगरकडे जात नसे. घरातही त्यांनी थर्मामीटर, वजनकाटा, शिवणकामाची टेप यांच्यावर कधी डोळे झाकून भरवसा ठेवला नव्हता. आधी शून्य बघायचं, मग तीन वेळा मोजायचं, मग बोलायचं. केतकीला विज्ञानाची गोडी लागली होती ती या सवयीपायी. म्हणून भांडण्याऐवजी ती आत गेली आणि पर्समधली छोटी पेटी घेऊन आली. शनिवारी ती बाजार पालथा घालून आली होती ते यासाठीच.

"तसलंच यंत्र आहे," ती म्हणाली. "तुम्हीच तपासा. झीरो बघा, सगळ्यांना फुंकायला लावा. मग तुमचं रोजचं औषध घ्या, चुळा भरा, अर्धा तास थांबा. तोंडातला वास असेल तर तेवढ्यात उडून जातो. मग फुंका. शून्य आलं तर मी उद्या कोर्टात येऊन सांगते की पोलिसांचं यंत्र बिघडलेलं आहे."

"आणि नाही आलं तर?" निधीने विचारलं. ती दुपारपासून पहिल्यांदाच बोलली होती.

बाबांनी चष्मा बदलला आणि यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर गुरुवारनंतर प्रथमच जरा तरतरी आली. हे त्यांच्या हुकमी प्रांतातलं काम होतं. काका म्हणाला, काय पोरखेळ मांडलाय, उद्याचं बोला. पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पहिली फुंकर स्वतःच घातली. शून्य. मामा फुंकला, शून्य. निधी, केतकी, शून्य. आई पदराने हात पुसत आली आणि म्हणाली की चुलीची फुंकणी सुटली म्हणून सुखावले होते, ही नवीन आली. तिचंही शून्य. काकाने सगळ्यांत शेवटी, यंत्रावर उपकार केल्यासारखी फुंकर घातली. शून्य.

"झीरो चोख आहे," बाबा म्हणाले, जसे ते हँगरमध्ये म्हणत असतील.

सात वाजायला अजून अवकाश होता. पण आईने पेला आणला, रोजचाच, आणि न सांगता दुसराही. रविवारी दोघे भाऊ एकत्र असले की एकट्याने औषध घ्यायचं नाही, हा या घरचा जुना रिवाज होता. भगवंतरावही सुहास आल्याशिवाय वाटी तोंडाला लावत नसत. काकाने पेला घेतला, अण्णाच्या पेल्याला नकळत किंचित टेकवला आणि मग स्वतःशीच ओशाळून पिऊन टाकला. केतकीने ते पाहिलं. निधीनेही पाहिलं.

बाबांनी चुळा भरल्या. अर्धा तास सुरू झाला.

तो अर्धा तास काही केल्या सरेना. मामाने कोर्टातल्या जुन्या गमती काढल्या, त्या अर्ध्यावर विझल्या. काका पुन्हा गॅलरीत गेला. पण काहीतरी बदललंही होतं, आणि ते केतकीला अस्वस्थ करत होतं. बाबांचा दुपारपासून हलणारा पाय थांबला होता. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली होती. ते मामाला पुण्याच्या मंडळींबद्दल काहीतरी मिस्कील सांगत होते आणि त्यांचा आवाज सैल, प्रेमळ झाला होता. हा तिचा रोजचा संध्याकाळचा बाप होता. शाळेत असल्यापासून तिला वाटायचं की दिवसभर कामाने कावलेला माणूस घरी आला की निवतो. किती वर्षं आपण हे बघतोय, आणि बघत असताना काय बघत होतो, असं तिच्या मनात आलं. तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच पाहत होती, आणि तिने नजर वळवली नाही.

"वेळ झाली," बाबा स्वतःच म्हणाले.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा सोडला. यंत्र जरा वेळ विचार करत राहिलं. मग आकडा आला. सदतीस.

काका म्हणाला, वास असेल अजून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते उठले, मोरीत जाऊन पुन्हा चुळा भरून आले आणि थांबून दुसऱ्यांदा फुंकले. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा फुंकायच्या आधी ते बराच वेळ यंत्र हातात धरून उभे होते.

एक्केचाळीस.

"वास असता तर उतरायला हवा होता," बाबा म्हणाले. ते कुणाशीच बोलत नव्हते. "हा चढतोय."

"एका पेल्याला एक्केचाळीस," मामा हळूच म्हणाला. "गुरुवारी दोन होते."

आई खाली बसली. जमिनीवरच. तिने सांगायला सुरुवात केली की एक बरणी पूर्वी पुढच्या द्राक्षांपर्यंत पुरायची, आता श्रावणातच दुसरी भरावी लागते, बाजारात मिळतील त्या द्राक्षांची. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. "मला वाटायचं, दोन घरी जातं म्हणून लागत असेल," ती म्हणाली, आणि मग, "नाही. मला तसं वाटत नव्हतं."

बाबांनी ते ऐकलं. ते तिच्याजवळ जातील असं केतकीला वाटलं, पण ते जागचे हलले नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं, पेटीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं. एवढंसं काम त्यांनी फार सावकाश केलं.

आधी सावरला तो काका. त्याने शांतपणे, समजूत घालावी तसं मांडलं, की घरात काय दिसलं ते घरात. कोर्टाला यातलं काही ठाऊक नाही आणि कळायचं कारण नाही. वैद्यांचा कागद तयार आहे. केतकीला नसेल लिहायचं तर राहू दे, त्याच्यावाचून अडत नाही. अण्णाने फक्त नाही म्हणायचं. माघ निघून गेला की हवं तर कबूल कर. मामाने मान हलवली; कायद्याने पाहिलं तर सुहास म्हणतो ते शक्य आहे, थोडी ओढाताण होईल, एवढंच. शेवटी श्रीकांतरावांनी, म्हणजे बाबांनी, ठरवायचं.

"अण्णा, माझ्यासाठी नाही," काका म्हणाला. "निधीसाठी."

"माझं नाव नको," निधी म्हणाली.

"तुला कळत नाही यातलं."

"मल्हारला मी गुरुवारीच सांगितलंय, बाबा. काकांना पोलिसांनी पकडलं, तेवढंच. काय प्यायले होते म्हणून त्याने विचारलं, तर मला सांगताच येईना."

काकाचा चेहरा उतरला. मग तो चिडला. मोठ्यांच्या गोष्टी बाहेर सांगायची कुणाला काय गरज होती, घराची अब्रू म्हणून काही असते की नाही, असं बरंच काही तो बोलला. शेवटी त्याने सकाळी साडेनऊला कोर्टाच्या दाराशी भेटू असं मामाला बजावलं आणि निधीला चल म्हणाला. खिशातून गाडीची किल्ली काढत तो चपला शोधू लागला.

बाबा दाराशी जाऊन उभे राहिले.

त्यांनी पेटी उघडून यंत्र पुन्हा बाहेर काढलं होतं. ते त्यांनी काकापुढे धरलं.

"फुंक."

"काय चाललंय अण्णा?"

"फुंक म्हणतो ना."

"मी काय तुझ्यासारखा..." काका थांबला. खोलीत सगळे होते. "एक पेला तर घेतलाय मी. रोजचाच. आजवर कधी काही झालंय? राजाजीनगर काय लांब आहे?"

"मी तिथूनच येत होतो," बाबा म्हणाले.

काकाने यंत्राला हात लावला नाही. तो बाबांच्या बाजूने वाट काढायला गेला, तसा बाबांनी दाराच्या चौकटीला हात लावला. दोघेही साठीच्या आसपासचे, दोघांचेही श्वास जोरात चाललेले. केतकीला वाटलं, आता हे एकमेकांना धक्का देतील. या दोघांत कधी मोठ्या आवाजात बोलणं झालेलं तिने ऐकलं नव्हतं. भगवंतरावांच्या मागे वाटणी झाली तेव्हाही नाही.

"बाजूला हो, अण्णा. पोरीसमोर तमाशा नको."

"पोर मागच्या सीटवर बसणार आहे ना? म्हणून तर." बाबांनी हात पुढे केला. "किल्ली."

"आणि नाही दिली तर?"

"तर मीच पोलिसांना फोन करतो. सगळं शिकलोय मी आता. कुठे उभे असतात तेही ठाऊक आहे."

मामाच्या तोंडून हसू फुटणार होतं, ते त्याने खोकल्यात घालवलं. काका हसला नाही. तो आपल्या थोरल्या भावाकडे असा पाहत होता, की जणू दारात कुणी परकाच माणूस उभा आहे, आणि त्या माणसाला आपल्याबद्दल सगळं ठाऊक आहे.

निधी पुढे आली. तिने वडिलांच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली, एकेक बोट उचलून, लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तशी. काकाने अडवलं नाही. किल्ली तिने बाबांना दिली आणि फोनवर टॅक्सी बोलवू लागली.

"म्हणजे उद्या तू कबूल करणार," काका म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता. "आप्पांची शपथ मोडली, असं भर कोर्टात सांगणार."

"ते नाही विचारणार, रे," बाबा म्हणाले. "ते फक्त विचारतील, गुन्हा मान्य आहे का. मी हो म्हणेन." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "आप्पांचं काय ते आपण दोघांनी बघायचं."

टॅक्सी आली. काका जिना उतरला, निधी त्याच्या मागून. केतकी गॅलरीत गेली. खाली काका टॅक्सीचं दार उघडून उभा होता, पण आत बसत नव्हता. त्याने वर पाहिलं.

"अण्णा," त्याने खालून हाक मारली. "तरी येतो मी उद्या. साडेनऊला."

बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"ये," ते म्हणाले. "बसने ये."